अनध्याय कोणाचा?

ज्या माणसानें पस्तीस वर्षें शाळेचीं वेळापत्रकें लिहिलीं, त्यास निवृत्तीनंतर दोन व्याधी जडतात. कोरा कागद दिसला कीं त्यावर रेघा ओढाव्या ही पहिली. आणि आपण ओढलेल्या रेघा न्याय्यच असतात असें मानावें, ही दुसरी. पहिली व्याधी या सदराच्या वाचकांस चांगली परिचयाची आहे. दुसरीचें निदान मात्र गेल्या दिवाळींत झालें, आणि तें माझ्या नातीनें केलें.

आमचें बिऱ्हाड नाशकास गंगापूर रोडवर, आनंदवल्लीच्या अलीकडे. आम्ही दोघें म्हातारीं, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडें, अशीं नऊ माणसें एका चुलीवर जेवणारीं. धुण्याभांड्यांस बाई येते. परंतु स्वयंपाक, देवपूजेची तयारी, दळण, किराणा, पाहुणे-रावळे हें सर्व घरच्या बायकांकडे. सौ.चे गुडघे दुखूं लागल्यापासून तो भार सुनांवर आला. दोघींत कुरबूर होऊं नये म्हणून मीं एक तक्ता केला. एक सप्ताह थोरलीचा, एक सप्ताह धाकटीचा. सोमवारीं पहांटे पाळी बदलावयाची. सण किंवा पाहुणे ज्या सप्ताहांत येतील त्या सप्ताहाच्या पाळीस ते गेले. स्वयंपाकघराच्या दारामागें तक्ता चिकटवून त्यावर तांबड्या शाईनें 'समान वांटणी' असें लिहिलें. सहा वर्षें तो बिनतक्रार चालला. तक्रार नाहीं म्हणजे अन्याय नाहीं, असें मास्तर लोकांस वाटत असतें.

धाकटीचें लग्न झालें तेव्हां तिच्या बी. ए.चीं दोन वर्षें पुरीं झालीं होतीं. तिसरें राहिलें तें राहिलेंच. तीन वर्षांमागें तिनें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठांत नांव घातलें. आमचाच रस्ता पश्चिमेस गंगापूर धरणाकडे जातो, त्याच बाजूस गोवर्धन गांवाजवळ हें विद्यापीठ आहे. राज्य सरकारनें तें १९८९ सालीं स्थापिलें. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरु. ज्यांना रोज कॉलेजांत जाऊन बसणें शक्य नाहीं, त्यांच्या घरापर्यंत ज्ञानाची गंगा न्यावी हें त्याचें ब्रीद. पुस्तकें घरीं वाचावयाचीं, ठराविक दिवशीं अभ्यासकेंद्रावर मार्गदर्शन घ्यावयाचें, आणि परीक्षा मात्र चारचौघांप्रमाणें द्यावयाची. मला ही योजना फार पसंत पडली. घरचें कांहीं अडत नाहीं, आणि शिक्षणही होतें! हें 'कांहीं अडत नाहीं' कोणाच्या जिवावर, हा प्रश्न माझ्या मनांत आला नाहीं.

आतां नातीकडे वळतों. ती थोरलीची मुलगी. जवळच्याच एका कॉलेजांत पहिल्या वर्षांत शिकते. दिवाळीच्या सुट्टींत ती संगणकापुढें बसून एक खेळ खेळत असे आणि बाजूस वही उघडी ठेवून त्यांत आंकडे मांडीत असे. खेळांत वही कशास, म्हणून मी जवळ जाऊन बसलों.

खेळाचें नांव 'दि सिम्स'. विल राइट नांवाच्या अमेरिकन गृहस्थाची ही कल्पना. १९९१ सालीं कॅलिफोर्नियांत ओकलंड येथें मोठा वणवा लागला, त्यांत त्याचें घर जळालें. पुन्हां संसार उभा करतांना माणसास काय काय लागतें, या विचारांतून खेळाचें बीज पडलें. पहिला खेळ २००० सालीं निघाला, दुसरा २००४ सालीं. आणि २००५ सालीं दुसऱ्यास विश्वविद्यालयाची एक पुरवणी जोडली गेली. २०२५च्या जानेवारींत तो जुना खेळ पुन्हां विक्रीस आला, तोच नातीच्या हातीं लागला. यांत शत्रु नाहीं, हारजीत नाहीं. गांव वसवावें, घरें बांधावीं, त्यांतील माणसांस उठवावें, जेवूं घालावें, कामास धाडावें, मुलें वाढवावीं, एवढेंच. म्हणजे सौ. गेलीं चाळीस वर्षें जें करीत आहे तेंच. फरक इतकाच कीं, तेथें कंटाळा आला असतां यंत्र बंद करतां येतें.

या खेळांतील एक नियम मोठा चमत्कारिक आहे. गांवांत दहा घरें असलीं तरी आपण ज्या घरांत शिरलों असूं, त्याच एका घराचें घड्याळ चालतें. उरलेल्या नऊ घरांतील माणसें आपण जाऊं तोंपर्यंत तेवढ्याच वयाचीं राहतात. म्हणून नेटकें खेळणारीं माणसें पाळी लावून घरोघर फिरतात: इतके दिवस या घरीं, इतके त्या घरीं. नातीची वही ही त्या पाळ्यांची वही होती.

"मग अडचण कोठें आहे?" मीं विचारलें.

"कॉलेजमध्ये, आजोबा," ती म्हणाली. "मुलगा कॉलेजात गेला की वेगळ्या गावी राहतो. चार वर्षं, वर्षाची दोन सत्रं, सत्र तीन दिवसांचं. म्हणजे चोवीस दिवस. तेवढे दिवस त्याच्या घरचं घड्याळ बंद. मग घराला किती दिवस द्यायचे?"

"चोवीस," मी तत्काळ म्हणालों. "समान वांटणी."

तिनें वही माझ्यापुढें सरकवली. त्या खेळांत बालपण ८ दिवसांचें, कुमारवय १५ दिवसांचें आणि प्रौढपण २९ दिवसांचें असतें. मीं मनाशीं हिशेब केला. घरासही २४ दिवस दिले, तर नुकतीच बालवयांत आलेली धाकटी बहीण ८ आणि १५ मिळून २३ दिवसांत बालपण व कुमारवय दोन्ही संपवून, भाऊ पदवी घेऊन परत येण्यापूर्वींच त्याच्या बरोबरीस येऊन बसते. नुकत्याच प्रौढ झालेल्या स्त्रीचे २९ पैकीं २४ दिवस सरतात, आणि ती म्हातारपणाच्या उंबरठ्यावर येते. बरें, घरास एकही दिवस दिला नाहीं, तर मुलगा कर्ता होऊन परततो आणि त्याचा बालमित्र मात्र अद्याप शाळेंतच! म्हणून नातीनें मध्यम मार्ग काढला होता: कॉलेजच्या एका सत्रास घरचा एक दिवस. चार वर्षांस आठ दिवस.

"सारखे दिवस दिले म्हणजे न्याय होत नाही, आजोबा. कोणाचे दिवस कुठले आहेत ते आधी बघावं लागतं."

मी प्रसन्न होऊन शाबासकी देणार, तोंच तिनें दुसरा प्रश्न टाकला. "आपल्या घरी काकूचं कॉलेज कोणत्या घड्याळावर चालतं?"

मी गप्प राहिलों. तीच पुढें बोलूं लागली. "मी कॉलेजात गेले आणि घर माझ्यासाठी थांबलं. डबा तयार मिळतो. परीक्षेत मला कोणी चहा टाकायला हाक मारत नाही. तुमच्या तक्त्यात माझं नावच नाही. काकूचं आहे. वैशाखात तिचा एक पेपर बुडाला, तुम्हांला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतें. त्या सप्ताहांत पाळी धाकटीची होती. थोरली माहेरीं गेली होती. माझ्या दोघी बहिणी नातवंडांसह राहावयास आल्या होत्या. कुरडयांचा गहूं तीन दिवस भिजवून झालेला, वाटून चीक काढून ठेवलेला. तो शिजवावयाचा दिवस आणि परीक्षेचा दिवस एकच आला. आंबलेला चीक कोणाच्या परीक्षेसाठीं थांबत नाहीं. तिनें कोणास कांहीं सांगितलें नाहीं. तक्त्याप्रमाणें पाळी तिचीच होती. मला तो दिवस चांगला आठवतो, कारण ओसरीवर बसून मीं वाटीभर ऊन ऊन चीक तूप घालून खाल्ला होता आणि यंदा चीक फार छान उतरला असें मोठ्यानें म्हणालोंही होतों.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. पाठशाळेंत असतां प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या हे आमचे अनध्याय असत. धर्मशास्त्रांत याखेरीज नैमित्तिक अनध्यायही सांगितले आहेत. थोर अतिथि घरीं आला असतांही पाठ बंद ठेवावा असें तेथें म्हटलें आहे. आम्हां मुलांस अनध्याय म्हणजे आनंद, कारण त्या दिवशीं नदीवर जावयास मिळे. माझ्या सुनेच्याही नशिबीं अनध्याय होते: सण आला अनध्याय, पाहुणे आले अनध्याय, कुरडया आल्या अनध्याय. परंतु तिच्या अनध्यायांत विश्रांति नव्हती. पुस्तक मिटावयाचें तें चुलीपुढें उभें राहण्यासाठीं.

जुन्या व्यवस्थेंत विद्यार्थी गुरुगृहीं राही. समावर्तन होऊन तो परत येई, आणि मग गृहस्थाश्रम. नातीच्या खेळांतील कॉलेजही तसेंच आहे: विद्या एका गांवीं, संसार दुसऱ्या गांवीं. संसारांत राहून, त्याच घरांत, त्याच दिवशीं विद्या करणाऱ्या स्त्रीसाठीं मात्र आम्हांपैकीं कोणी नियम केला नाहीं. तिनें आपली आपण वेळ चोरावी, असेंच चालत आलें आहे.

रमाबाई रानड्यांचें उदाहरण आपणां सर्वांस ठाऊक आहे. १८७३ सालीं अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें. माधवरावांनीं त्यांस शिकविण्यास आरंभ केला. घरांतील बायकांस तें रुचेना, आणि बोलणीं मुकाट्यानें सोसावीं लागलीं. १८७८ सालीं माधवरावांची बदली आमच्या नाशकास झाली. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आठवणींत बाईंनीं तें सर्व लिहून ठेविलें आहे. वाचतांना आपण त्या सासुरवासाबद्दल हळहळतों. मीं तर वर्गांत मुलींस तें पुस्तक वाचावयास सांगितलें आहे. आमच्या घरांत कोणी सुनेस बोललें नाहीं, टोमणा मारला नाहीं. उलट ती शिकते याचें आम्ही चारचौघांत कौतुकच केलें. आणि तरी पेपर बुडाला. विरोध न करणें म्हणजे साह्य करणें नव्हे, हें मला सदुसष्टाव्या वर्षीं समजलें.

तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारीं सर्वांस माजघरांत बसवून जुना तक्ता काढला. नवा मीं एकट्यानें केला नाहीं. प्रथम धाकटीच्या परीक्षेचा काळ आणि अभ्यासकेंद्राचे दिवस लिहिले, मग बाकीचें. रोज पहांटे साडेपांच ते साडेसात तिला कोणी हाक मारावयाची नाहीं. परीक्षेपूर्वींचा महिना तिची पाळी नाहीं.

"मग ती माझ्यावर येणार ना?" थोरलीनें विचारलें. प्रश्न अगदीं रास्त होता. एका सुनेचें घड्याळ चालावें म्हणून दुसरीचें बंद पाडावयाचें, तर आपण काय साधलें? तेव्हां, पूर्वीं ज्यांचीं नांवें तक्त्यांत नव्हतीं तीं घातलीं. रविवारचा सकाळचा स्वयंपाक दोघां मुलग्यांकडे; दळण व किराणा नातवांकडे; बुधवारच्या रात्रींच्या पोळ्या नातीकडे, तिनें स्वतः मागून घेतल्या; पहांटेचा चहा, दूध आणि भाजी निवडणें माझ्याकडे. थोरल्या चिरंजीवांनीं कपाळास आठी घातली, परंतु बापानें भाजी पुढ्यांत ओढल्यावर त्यांस बोलण्यास जागा राहिली नाहीं. बहिणींना फोन करून यंदा परीक्षा झाल्यावर या म्हणून सांगितलें. कुरडया विकत आणावयाच्या ठरल्या.

सौ. तोंवर कांहीं बोलली नव्हती. कुरडयांचें ठरल्यावर उठतां उठतां म्हणाली, "आम्हांला नाही कोणी अशी पाळी लावून दिली." ती सातवीनंतर शाळेस गेली नाहीं. तिचें गणित माझ्यापेक्षां चांगलें आहे हें मला लग्नानंतर महिन्याभरांत कळलें होतें. त्याचा उपयोग आम्हीं दूधवाल्याच्या हिशेबापलीकडे केला नाहीं. तिच्या बोलण्यांत राग होता कीं दुसरें कांहीं, हें मीं विचारलें नाहीं. विचारण्याची वेळ चाळीस वर्षांपूर्वींच होती.

नवा तक्ता निर्विघ्न चालला असें मी म्हणणार नाहीं. गवारीच्या शिरा मीं निम्म्याच काढतों. दूध चारदां उतूं गेलें. माघांत एका रविवारीं मुलग्यांनीं केलेली आमटी कोणास खाववेना. विकतच्या कुरडया तळल्यावर म्हणाव्या तशा फुलत नाहींत, हें सौ. अद्याप दर वेळीं सांगते, आणि तें खरेंही आहे. परंतु या वैशाखांत धाकटीनें सर्व पेपर दिले. गेल्या वर्षीं बुडालेलाही दिला. पहिल्या दिवशीं ती बाहेर पडतांना सौ.नें तिच्या हातावर दहीसाखर घातली, आणि दार लावून घेऊन स्वतः पाटावर बसून कणीक मळली. गुडघ्यांची गोष्ट तिनें त्या दिवशीं काढली नाहीं.

माझी वाचकांस एवढीच विनंती आहे. आपल्या घरीं कोणी सून, भावजय, बहीण संसार सांभाळून शिकत असेल, तर तिचें नुसतें कौतुक करूं नका. तिच्या परीक्षेच्या तारखा घरच्या दिनदर्शिकेंत पाहुण्यांच्या आधीं लिहा. आणि त्या दिवसांचें तिचें काम कोण करणार, त्याचें नांव समोर लिहा. तें नांव दुसऱ्या सुनेचेंच असेल, तर पुन्हां एकदां विचार करा.

निकाल अद्याप लागावयाचा आहे. लागला कीं येथें कळवीन. आतां लेखणी ठेवतों. उद्यां पहांटेचा चहा माझ्याकडे आहे, आणि घरांत साखर आहे कीं नाहीं तें रात्रींच पाहून ठेवलेलें बरें.