चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वीजवाहिन्यांच्या इन्सुलेटरवर साचणारे प्रदूषण मोजून बिघाडाचे पूर्वानुमान सुरू करण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र राज्य विद्युत पारेषण कंपनी मर्यादित, मुंबई

महोदय,

चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे महाऔष्णिक वीज केंद्र साऱ्या राज्याला वीज देते. ५०० किलोव्होल्टची चंद्रपूर–पडघे डीसी वाहिनी सुमारे ७५० किलोमीटरवर मुंबईच्या वेशीपर्यंत जाते. या तारा ज्या चंद्रपूरच्या हवेतून निघतात, त्या चंद्रपूरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली ८३.८८ गुणांसह देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत गणले होते. या हवेतील धूळ आमच्या फुप्फुसांत जाते, तशीच ती मनोऱ्यांवरच्या इन्सुलेटरवरही बसते. तिच्या या दुसऱ्या परिणामासाठी हे निवेदन आहे.

कोरडी धूळ सहसा वाहिनी पाडत नाही. पौष-माघातले दव, पहाटेचे धुके किंवा मृगाची भुरभुर त्या थराला ओलावते, त्यातील क्षार विरघळतात आणि पृष्ठभागावरून गळती प्रवाह वाहू लागतो. त्याच्या उष्णतेने काही पट्टे सुकतात, त्यांवर ठिणग्या उडतात आणि वेळ भरली की फ्लॅशओव्हर होऊन वाहिनी ट्रिप होते. जोरदार पाऊस इन्सुलेटरची डिस्क धुऊन काढतो, पण तिच्या खालच्या बाजूपर्यंत तो पुरेसा पोचत नाही. डीसी वाहिनीचे स्थिर विद्युतक्षेत्र तर धूळ ओढूनच घेते. उत्तर भारताने हिवाळी धुक्यात वाहिन्या बंद पडताना पाहिल्या आणि त्यानंतर तेथे चिनी मातीच्या डिस्क बदलून पॉलिमर इन्सुलेटर बसवण्याचे मोठे काम झाले. आपण तशा रात्रीची वाट पाहू नये.

आर्द्रता, तापमान, पाऊस, वारा, हवेतील धूलिकण आणि गळती प्रवाह यांच्या नोंदींवरून कोणत्या पट्ट्यातील इन्सुलेटर केव्हा धोक्याच्या पातळीला येतील, हे मशीन लर्निंगने आधी सांगता येते. मात्र समुद्रकाठच्या मिठावर शिकवलेले मॉडेल येथे जसेच्या तसे चालणार नाही. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूरकडे सिमेंटची धूळ दवाने भिजून घट्ट बसते, ऊर्जानगरकडे राख आहे, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) खाणींजवळ कोळसा. प्रत्येकीची चाल वेगळी. म्हणून आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी संगणकाची नसून मोजमापाची आहे. निवडक मनोऱ्यांवर नमुना डिस्क टांगाव्यात आणि दर महिन्याला त्यांवरचा थर मिठाच्या तुल्य प्रमाणात, मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये मोजावा. न विरघळणारी धूळ वेगळी नोंदवावी.

गडचिरोलीत हे काम आत्ताच व्हावे. सुरजागडचे लोहखनिज आणि कोनसरीचा लोह-पोलाद प्रकल्प यांमुळे तेथे नवी धूळ येत आहे. थर दाट होण्याआधीची मूळ पातळी आज नोंदवली नाही, तर पुढे तुलना कशाशी करणार? भामरागड, एटापल्लीकडे जंगलातून जाणाऱ्या वाहिनीवर दोष शोधायला लाइनमनला पावसापाण्यात मैलोन्‌मैल पायी फिरावे लागते, आणि तोवर दवाखान्यातील लसींचे फ्रीज व धानाचे पंप बंद राहतात. या कारणाने महावितरणच्या ३३ व ११ केव्ही वाहिन्याही या कामात घ्याव्यात.

प्रत्येक ट्रिपची तारीख, वेळ, मनोरा क्रमांक, त्या वेळचे हवामान आणि गस्तीवरील कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष पाहिलेले कारण एकाच नमुन्यात नोंदवावे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर व खुटाळा येथील हवा-मापन केंद्रांचे आकडे त्यास जोडावेत. मॉडेलची पारख करताना एक दक्षता हवी. फ्लॅशओव्हर क्वचित होतो, त्यामुळे रोज ‘धोका नाही’ म्हणणारे मॉडेलही कागदावर अचूक दिसेल. खरे बिघाड किती आधी ओळखले आणि किती निसटले, यावरच ते तपासावे.

इशारा मिळताच धुलाई, सिलिकॉन लेप किंवा पॉलिमर इन्सुलेटर यांपैकी काय करायचे, याचा निर्णय व निधी स्थानिक अभियंत्याच्या हाती असावा. या कामाच्या नावाखाली लाइनमनची एकही जागा कमी करू नये. थराची मोजमापे दर तिमाहीला मराठीत जाहीर करावीत. कोणत्या पट्ट्यात कोणती धूळ वाढते, हे त्यातून उघड होईल आणि ती उगमापाशी रोखण्यासाठी मंडळाला पुरावा मिळेल.

येत्या हिवाळ्याआधी नमुना डिस्क बसाव्यात आणि कामाचे वेळापत्रक आम्हाला लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वीजग्राहक व शेतकरी

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. व्यवस्थापकीय संचालक, महावितरण
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
मा. जिल्हाधिकारी, चंद्रपूर व गडचिरोली