मेस्सी आला, लीग थांबली: फुटबॉलवरून घराघरांत दोन तट

डिसेंबर २०२५ मध्ये लिओनेल मेस्सी भारतात येऊन गेला. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर महागडी तिकिटं काढून आलेल्यांना तो धड दिसलासुद्धा नाही. मग खुर्च्या आणि बाटल्या मैदानात पडल्या. मुंबईत वानखेडेवरचा कार्यक्रम मात्र नीट पार पडला. नेमक्या त्याच दिवसांत इंडियन सुपर लीग, म्हणजे आपल्या देशातली सर्वांत मोठी फुटबॉल स्पर्धा, ठप्प होती. सामना न खेळणाऱ्या पाहुण्यासाठी स्टेडियम भरलं आणि आपले खेळाडू सामन्यांची वाट बघत घरी बसले.

अशी बातमी आली की आपल्या घरांत दोन तट पडतात. दादा म्हणतात, "पैशाने खेळाची पार वाट लावली." नातू म्हणतो, "दादा, तुमच्या वेळचा फुटबॉल किती संथ होता!" हा वाद नुसता आवडीनिवडीचा आहे का? आम्हाला तसं वाटत नाही.

ज्येष्ठांची बाजू समजून घ्यायची तर कूपरेजकडे पाहावं लागेल. मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स चषक सुरू झाला. सुरुवातीची कित्येक वर्षं ब्रिटिश पलटणींचीच सद्दी होती. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्सने तो जिंकला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय संघ. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं कोलकाता लीग जिंकणाऱ्या मोहम्मेडन स्पोर्टिंगने १९४० मध्ये रोव्हर्सही नेला. पुढे १९५० ते १९५४ सलग पाच वेळा हैदराबाद पोलिस. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याच हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण मिळवलं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक.

आज साठी-सत्तरीत असलेल्यांनी यातलं बरंचसं वडिलांकडून ऐकलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले ते टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्रा यांचे संघ. तिथे खेळाडू बहुतेक वेळा कंपनीचा नोकरदार असे. पगार फार नसे, पण महिन्याच्या महिन्याला हातात पडे. गुडघा गेला तरी चूल पेटत राही. म्हणून "आमचा फुटबॉल" म्हणताना दादांच्या मनात नुसते गोल नसतात, ती शाश्वतीही असते.

पण एक गोष्ट दादांनीही मान्य करायला हवी. तो फुटबॉल सुपर लीगने संपवला नाही. रोव्हर्स चषक २०००-०१ नंतर बंद पडला. महिंद्रा युनायटेडने २०१० मध्ये संघ मोडला. सुपर लीग आली २०१४ मध्ये. मैदान आधीच रिकामं झालं होतं.

त्या रिकाम्या जागेत आपली मुलं मोठी झाली. १९९२ मध्ये सुरू झालेली इंग्लंडची प्रीमियर लीग टीव्हीवरून घरात आली. १९९५ च्या बॉस्मन निकालाने करार संपलेला खेळाडू युरोपात मोकळेपणी क्लब बदलू लागला, पगार वाढले आणि बडे क्लब जगभरातून खेळाडू गोळा करू लागले. रात्री जागून सालाहचा खेळ बघणाऱ्या पोराला गल्लीतला क्लब नाही, लिव्हरपूल जवळचा वाटतो. यात त्याचा काय दोष? जे समोर होतं त्यावर त्याने जीव लावला. शिवाय आजचा खेळ वेगवान आहे, खेळाडूंची तंदुरुस्ती वेगळ्या पातळीवर आहे, हे दादांनाही नाकारता येणार नाही.

मुलींचं काय? जुन्या आठवणींत त्या दिसतच नाहीत. मुंब्र्यात 'परचम' संस्थेच्या मुलींनी फुटबॉल खेळायला मैदानात हक्काची जागा मागितली. जुलै २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात हरवून आशियाई चषकात जागा मिळवली. हा बदल निखळ चांगला आहे.

तरी तरुणांनीही थोडं थांबून बघावं. मोहन बागानसारख्या १८८९ च्या क्लबच्या नावामागे २०२० मध्ये एटीके जोडलं गेलं. चाहते रस्त्यावर उतरले, त्यांत तरुणही होते. २०२३ मध्ये ते नाव हटलं. मोहम्मेडन स्पोर्टिंग २०२४ मध्ये मोठ्या दिमाखात सुपर लीगमध्ये आला. पहिल्याच हंगामात पगार थकले, संघ तळाला गेला. जुलै २०२५ मध्ये लीग स्थगित झाली, कारण महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातला १५ वर्षांचा करार संपत आला होता आणि नवा ठरत नव्हता. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. ज्या मुंबई सिटीत मँचेस्टर सिटीच्या मालकांनी २०१९ मध्ये पैसा घातला आणि ज्या क्लबने नंतर विजेतेपदं जिंकली, तिथूनही ते वर्षअखेरीस बाहेर पडले.

म्हणजे एक कागद संपला आणि शेकडो घरांचं उत्पन्न थांबलं. इथे दादांचा मुद्दा बरोबर ठरतो. पैसा खेळात आला, पण खेळाडूच्या पाठीशी उभा राहिला नाही.

मग आपण काय करायचं? मुलगा किंवा मुलगी "फुटबॉलपटू व्हायचंय" म्हणाली तर हिरमोड करू नका. पण अकादमीची फी भरण्याआधी तिथे खरोखर किती सामने खेळायला मिळतात ते विचारा. करारावर सही करण्याआधी तो जाणकाराकडून वाचून घ्या: पगार किती, दुखापत झाली तर खर्च कोणाचा? आणि शिक्षण सोडू देऊ नका. मिलची नोकरी आता पाठीशी नाही. ती जागा शिक्षणानेच भरायची आहे.

चाहत्यांसाठी कोल्हापूरकडे बघण्यासारखं आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या संघांसाठी शाहू स्टेडियमवर आजोबा आणि नातू एकाच बाजूने ओरडतात. तिथे पिढ्यांचा वाद कमी दिसतो, कारण संघ पेठेचा आहे, कंपनीच्या मर्जीचा नाही. लिव्हरपूलवर प्रेम करायला कोणाची हरकत नाही. पण महिन्यातून एक रविवार आपल्या भागातल्या सामन्याला दिला, तर दादांना त्यांचं मैदान परत मिळेल आणि तिथे खेळणाऱ्या पोरांना प्रेक्षक.