न्यायाधीशांसाठी प्रार्थना

परवा एका मित्राच्या आग्रहाने रविवारच्या उपासनेला चर्चमध्ये गेलो होतो. मी ख्रिस्ती नाही. आजारी माणसं, परीक्षेची पोरं, पाऊसपाणी अशा प्रार्थना झाल्या आणि मग पाळकसाहेब म्हणाले, आता न्यायाधीशांसाठी प्रार्थना करू. त्यांना सुबुद्धी मिळो, त्यांनी तोंड बघून न्याय करू नये.

मी चमकलो. अठरा वर्षं कोर्टाच्या बातम्या करतोय. निकाल आपल्यासारखा लागावा म्हणून नवस बोललेले ढिगाने बघितलेत. निकाल कुणाच्याही बाजूने लागो, पण न्यायाने लागो, असं मागणं पहिल्यांदाच ऐकलं.

मित्र म्हणाला, हे जुनंच आहे. शलमोन राजाने देवाकडे धन नाही, न्याय करायची बुद्धी मागितली. पौलाने तीमथ्याला लिहिलं, अधिकारावरच्या माणसांसाठी प्रार्थना करा.

घरी येऊन लूकचा 18वा अध्याय वाचला. तिथला न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाला जुमानत नाही. एक विधवा न्याय मागायला पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जाते. शेवटी तो वैतागून तिला न्याय देतो. प्रार्थना करताना खचू नका, हे सांगायला येशूने हीच गोष्ट निवडली. बघा, ती बाई नुसती हात जोडून घरात बसलेली नाही.

वाचताना फादर स्टॅन स्वामी आठवले. 8 ऑक्टोबर 2020 ला एल्गार परिषद प्रकरणात अटक. वय 80 च्या पुढे, पार्किन्सन्सने हात थरथरायचे. तळोजा तुरुंगात पाणी प्यायला सिपर हवा म्हणूनही कोर्टात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 ला ते गेले, तेव्हा त्यांचा जामीन अर्ज मुंबई हायकोर्टात सुरूच होता. आरोप खरे की खोटे, हे ठरलंच नाही. माणूस गेल्यावर निकालाचा त्याला काय उपयोग?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. न्यायाधीशांना सुबुद्धी मागा, जरूर मागा. पण त्या विधवेसारखं दारही ठोठवा. आपल्या कोर्टात किती खटले पडून आहेत, ते नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिडवर कुणालाही दिसतं. न्यायाधीशांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. प्रश्न आमदार-खासदारांनाही विचारा. खुर्चीवर बसायला माणूसच नसेल, तर सुबुद्धी मिळणार कुणाला?

प्रार्थना करणारे असा किंवा माझ्यासारखे न करणारे, आपल्या तालुक्याचा आकडा आज एकदा बघा आणि खाली कमेंटमध्ये टाका.