अपग्रेडच्या आधीचा रीबूट

सेफ (Ceph) या स्टोरेज प्रणालीचा क्लस्टर नव्या आवृत्तीवर न्यायचा ठरला की आपण सगळे प्रथम त्या आवृत्तीच्या रिलीज नोट्स उघडतो. त्या वाचायलाच हव्यात. पण त्याहीआधी एक काम आहे आणि ते टाळू नये, असा आमचा आग्रह आहे. प्रत्येक सर्व्हर जुन्याच आवृत्तीवर असताना एकदा रीबूट करा. एका वेळी एकच, आणि क्लस्टर 'हेल्थ ओके' दाखवत असेल तेव्हाच.

वर्ष-दीड वर्ष अखंड चाललेला सर्व्हर पुन्हा नीट उठेल का, हे कुणीच सांगू शकत नाही. मधल्या काळात कुणी तरी फायरवॉलचा नियम घातलेला असतो, पण तो कायम करायचा राहून गेलेला असतो. काढून टाकलेल्या डिस्कची ओळ एफएसटॅबमध्ये तशीच असते. नवा कर्नल बसवलेला असतो, चालत मात्र जुनाच असतो. ही सगळी थकबाकी अपग्रेडच्या रात्री एकदम वसूल होते. ओएसडी (डिस्कवरचा डेटा सांभाळणारी सेफची प्रक्रिया) खाली दिसतो आणि पहाटे तीनपर्यंत सगळे नव्या आवृत्तीतला दोष शोधत बसतात.

यात एमटीयू सगळ्यात फसवा. चालू इंटरफेसवर हाताने 9000 दिलेला असतो, कॉन्फिगरेशनच्या फाइलीत 1500 च असतो. रीबूटनंतर साधा पिंग जातो, लॉगिन होते, मोठी पॅकेट्स मात्र वाटेतच हरवतात. म्हणून रीबूट झाला की त्या सर्व्हरवरून बाकी प्रत्येकाकडे 8972 बाइट्सचा पिंग करा, पॅकेटचे तुकडे करायला मनाई करून. उरलेले 28 बाइट्स हेडरचे. एवढी एक चाचणी कित्येक तास वाचवते.

2019 च्या नॉटिलस आवृत्तीने हाच धडा दुसऱ्या बाजूने दिला. तिच्यात सेफ-डिस्क हे साधन काढून टाकले होते. त्या साधनाने तयार केलेल्या ओएसडींची नोंद सेफ-व्हॉल्यूम या दुसऱ्या साधनाकडे करून देणे भाग होते. ही पायरी विसरली तरी अपग्रेडच्या दिवशी काहीच जाणवत नसे, कारण डिस्क आधीच माउंट झालेल्या असत. पुढे कधी तरी सर्व्हर रीबूट झाला की ते ओएसडी उठत नसत, आणि तोवर अपग्रेड कुणाच्या लक्षातही नसे. म्हणून नव्या आवृत्तीवर गेलेला पहिला सर्व्हरही रीबूट करून पाहावा आणि मगच दुसऱ्याला हात लावावा.

रीबूटपूर्वी क्लस्टरवर 'नोआउट' हा फ्लॅग लावा. नाही तर डीफॉल्टनुसार 600 सेकंदांनी क्लस्टर खाली गेलेले ओएसडी बाहेर काढून डेटा हलवू लागतो. काम संपल्यावर तो काढायला विसरू नका. सर्व्हर वर आला की घड्याळ बघा. मॉनिटरांमध्ये 0.05 सेकंदाचा फरकही तक्रारीला पुरतो.

सेंटओएस 7 चा आधार 30 जून 2024 ला संपला. त्यावर अडकलेल्यांना ऑपरेटिंग सिस्टिम आणि सेफ एकाच रात्री बदलण्याचा मोह होतो. तसे करू नका. ओएसडींचा डेटा त्यांच्या स्वतःच्या डिस्कवर असतो. ते एलव्हीएमवर असतील, तर सिस्टिमची डिस्क नव्याने लावून सेफची तीच आवृत्ती बसवता येते आणि सेफ-व्हॉल्यूम ते ओएसडी पुन्हा उभे करते. दोन्ही कामे वेगळी ठेवता येतात, मग ती वेगळीच ठेवावीत. ओएसडीच्या फाइलस्टोअर या जुन्या साठवण-पद्धतीवर राहिलेल्यांचे काम आणखी मोठे आहे. सेफच्या रीफ आवृत्तीत तिला जागा नाही, त्यामुळे प्रत्येक ओएसडी ब्लूस्टोअरवर नव्याने उभारावा लागतो आणि मोठ्या क्लस्टरला त्यात आठवडे जातात.

व्यवस्थापन एकच रात्र देऊ करेल. त्यांना सांगा, मॉनिटर नव्या आवृत्तीवर गेले की मागे फिरता येत नाही, म्हणून रीबूटची फेरी निदान दोन आठवडे आधी हवी. त्या फेरीत एखादा पॉवर सप्लाय किंवा मेमरीची पट्टी गेलेली निघाली, तर बदली भाग मागवून बसवायला तेवढे दिवस लागतातच.