मँचेस्टरचा कालवा व आमची खाडी

मँचेस्टर हे समुद्रापासून दूर वसलेले कापडाचे शहर. लिव्हरपूल बंदराचे कर व रेल्वेचे भाडे यांनी गांजलेले तेथील व्यापारी हातावर हात ठेवून बसले नाहीत. त्यांनी भागभांडवल उभारिले. ते अपुरे पडताच नगरपालिका धावून आली. आणि १८९४ साली ५८ किलोमीटरांचा जहाजी कालवा खुला होऊन समुद्र त्यांच्या दारी आला!

डोंबिवलीकरांस असा कालवा खणण्याचेही कारण नव्हते. उल्हास नदीची खाडी निसर्गाने फुकट दिली. तिच्या काठच्या कल्याण बंदराचा उल्लेख पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती येताच शिवछत्रपतींनी येथे आरमाराचा पाया घातला. पुढे १८५४ साली आगगाडी कल्याणास आली आणि आम्ही खाडीकडे पाठ फिरविली. तेवढ्यावरही भागले नाही. कारखान्यांचे व गटारांचे पाणी तीत सोडून आम्ही कोळी-आगरी बांधवांच्या ताटातली मासळीही हिरावली.

२०१६ च्या कायद्याने ही खाडी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ चा भाग झाली खरी. पण कायद्याने गाळ उपसला जात नाही, की पाणी निवळत नाही. मँचेस्टरनेही आपला कालवा घाणीने नासविला व तो निस्तरण्यास पुढे मोठी किंमत मोजिली. तेव्हा कारखानदार, व्यापारी व महापालिका यांनी प्रथम सांडपाणी शुद्ध करावे. नौकांच्या गोष्टी मागाहून बोलाव्यात. सरकारकडे बोट दाखविणाऱ्यांस आमचा एवढाच सवाल आहे: घाण कोणाची?