संग्रहालयात मोबाइल आणू नये

१८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. १९७७ पासून तो जगभर पाळतात. ही तारीख ज्यांनी ठरवली त्यांनी धुळे-जळगावचा मे महिना पाहिलेला नसणार. पारा ४४-४५ वर, शाळांना सुट्टी, निम्मी पोरं मामाच्या गावाला आणि दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तरी या दिवशी कार्यक्रम होतात. दीपप्रज्वलन होतं, प्रतिमापूजन होतं, प्रमुख पाहुणे सव्वा तास उशिरा येतात. शाल, श्रीफळ, 'आपला समृद्ध वारसा' या विषयावर भाषण, निबंध स्पर्धेची बक्षिसं, आभार, अल्पोपहार. मग उरलेल्या वीस मिनिटांत मुलांना रांगेनं आतून फिरवून आणतात. काचेला हात लावायचा नाही, बोलायचं नाही, आणि दारावर पाटी असतेच: मोबाइल आणू नये.

याला शैक्षणिक उपक्रम म्हणायला माझा विरोध आहे. हा सत्कार समारंभ आहे. तो मंगल कार्यालयात झाला असता तरी काही बिघडलं नसतं. उलट तिथे पंखे जास्त असतात.

हे मी धुळ्याची मुलगी म्हणून चिडून लिहितेय, कारण आमच्या गावाला असं वागणं शोभत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात वारले, ३१ डिसेंबर १९२६ ला. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ काढणारा माणूस तिथल्या लोकांशी बिनसल्यावर आपली दप्तरं घेऊन इकडे आला. त्यांच्या मागे १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. ग्रंथालय, वस्तुसंग्रह, जुनी कागदपत्रं, 'संशोधक' नावाचं त्रैमासिक. म्हणजे २०२६ च्या अखेरीला राजवाड्यांना जाऊन शंभर वर्षं आणि लगेच २०२७ मध्ये मंडळाची शंभरी. शताब्दीला काय होतं ते आपण सगळे जाणतो. स्मरणिका निघते, कमान उभी राहते, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचा पुतळा किती फुटांचा असावा यावर बैठका होतात.

राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं' या मालेचे २२ खंड काढले, पहिला १८९८ साली. त्यासाठी ते काय करत होते? गावोगाव पायी फिरत होते, लोकांच्या माळ्यावरचे रुमाल सोडायला लावत होते, कुळकर्ण्यांच्या घरी बसून कागद उतरवून घेत होते. त्यांना नुसत्या राजेरजवाड्यांत रस नव्हता. गावांची नावं, आडनावं, क्रियापदं, शेतात आणि चुलीपाशी बोलले जाणारे शब्द, सगळं त्यांना हवं होतं. या माणसाचा वारसा सांगायचा आणि मुलांना तोंडावर बोट ठेवून रांगेत चालवायचं, हे मला पटत नाही.

खान्देशात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते आणि तिच्याकडे कुणी नीट पाहत नाही. इथलं जे सगळ्यात मोलाचं आहे ते बरंचसं तोंडी होतं. कुणीतरी शेजारी बसून लिहून घेतलं म्हणून ते राहिलं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते. साने गुरुजी तिथे कैदी होते, त्यांनी ते उतरवून घेतलं, आणि आज 'गीता प्रवचने' हे पुस्तक भारतातल्या कितीतरी भाषांत आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शेतात आणि घरोटाशी गात होत्या, घरातल्या पोरांनी वहीत टिपून घेतलं. १९५१ मध्ये त्या गेल्या, सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. घरात वही घेऊन बसणारं कुणी नसतं, तर आज ज्या विद्यापीठाला आपण त्यांचं नाव दिलंय त्याला दुसरं नाव शोधावं लागलं असतं.

आता विचार करा, किती घरांत वही घेऊन बसणारं कुणीच नव्हतं.

इथे मला एक प्रसंग सांगायचाय. संग्रहालयाचं नाव घेत नाही, खान्देशातलंच आहे. सातवी-आठवीच्या मुलांबरोबर मी गेले होते. कोपऱ्यात दगडी जातं ठेवलेलं, त्यावर चिठ्ठी: 'जाते. धान्य दळण्याचे साधन.' एक पोरगा, पारोळ्याकडच्या खेड्यातला, एकदम म्हणाला, "हाई ते घट्टी शे! आमना घर बी शे." बाई मागं वळल्या आणि प्रेमानंच म्हणाल्या, "बाळा, जातं म्हण. शुद्ध बोलावं." पोरगा गप्प झाला. पुढचा पाऊण तास तो काही बोलला नाही. त्या सबंध दालनात एका वस्तूबद्दल ज्याला चिठ्ठीपेक्षा जास्त माहीत होतं असा तो एकटाच माणूस होता. घट्टी कोण दळतं, केव्हा, खुंटा कशाचा, टाकी लावायला कोण यायचं, दळताना आजी काय म्हणते, यातलं काहीच त्याला कुणी विचारलं नाही.

बाईंना दोष देऊन काही होणार नाही, त्या आपल्या सगळ्यांसारख्याच शिकल्यात. प्रश्न त्या चिठ्ठीचा आहे. अहिराणी बोलणाऱ्या मुलखातल्या संग्रहालयात वस्तूवर अहिराणी नाव का नाही? तावडी, लेवा गणबोली, भिलोरी का नाही? पाहणाऱ्याच्या तोंडातला शब्द चिठ्ठीवर नसेल तर ती वस्तू त्याची राहत नाही. ती सरकारची होते.

आणि हे आठशे वर्षांपूर्वी आमच्याच इथल्या लोकांना कळत होतं. चाळीसगावजवळ पाटणे गाव आहे, पाटणादेवीचं. (तिथेच सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी उत्खननात सापडले. हो, खान्देशात शहामृगं होती. शाळेच्या सहलीत हे कुणी सांगतं का?) या पाटण्याला इसवी सन १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे 'सिद्धान्तशिरोमणी' वगैरे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं इथे मठ काढला. मठ म्हणजे शाळाच. स्थानिक निकुंभ घराण्यातल्या सोइदेव आणि हेमाडिदेव या भावांनी त्याला दान दिलं.

इथवरचं सगळं संस्कृतात आहे. राजांची वंशावळ, विद्वानांची स्तुती, ऐटबाज श्लोक. मग शेवटी लेख एकदम मराठीत येतो, कारण आता बाजाराबद्दल बोलायचंय. पेठेत जो माल उघडेल त्यावर राजाला मिळणारा हिस्सा मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. जितके तेलाचे घाणे चालतील तितक्या पळ्या तेल. जे मापायचं ते मठाच्या मापानं मापायचं आणि मापाईतला अर्धा वाटा मठाचा. ज्याच्या खिशातून द्यायचं त्याला कळेल अशा भाषेत लिहिलंय.

मला हा आपल्या भागातला सगळ्यात सुंदर कागद वाटतो, दगडाचा असला तरी. एक शाळा आहे, तिथे जगातलं त्या काळचं उत्तम गणित शिकवतात, आणि तिच्या दिव्यात गावच्या तेल्याचं पळीभर तेल आहे. राजानं दिलं म्हणून बाजार हात झटकून मोकळा झाला नाही.

त्यामुळे 'पैसा नाही हो' हे वाक्य निदान जळगावात तरी ऐकून घेऊ नये. सराफ बाजार, डाळ मिल, रावेर-यावलची केळी. जैन हिल्सवर २०१२ मध्ये गांधीतीर्थ उभं राहिलं ते इथल्याच उद्योगाच्या बळावर, आणि तिथे पडद्यावर बोट ठेवलं की गोष्ट उलगडते. म्हणजे मनात आणलं तर या जिल्ह्यात कुठल्याही महानगराला लाजवील असं संग्रहालय होऊ शकतं. धुळ्याकडे इतका पैसा नाही, मान्य. पण पाच सुपाऱ्यांची गोष्ट श्रीमंतीची नाहीच. दुकानामागे महिन्याला पन्नास रुपये आणि शंभर दुकानं, यात एका मुलाला मानधन देता येतं. गणपतीची वर्गणी यापेक्षा जास्त असते.

दुसरी हरकत खरी आहे. जुन्या पोथ्यांना हात लावू देता येत नाही. वाळवी, धूळ, ऊन, घामेजलेली बोटं, सगळ्यांनी कागद मरतो. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जन्मभर फिरून जमवलेल्या रामदासी पोथ्या आहेत, त्या शाळेच्या पोरांच्या हातात द्या असं मी म्हणणार नाही. पण ही हरकत पोथीपुरती ठेवा. घट्टीला हात लावल्यानं घट्टी झिजत नाही.

तिसरी हरकत तुमच्याबद्दल आहे, वाचकांबद्दल. 'आजकालच्या मुलांना इतिहासात इंटरेस्टच नाही, सतत मोबाइल.' हे म्हणणाऱ्यांना मी ३१ जुलैला लळिंगच्या डोंगरावर न्यायला तयार आहे. ३१ जुलै १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्यात आले आणि लळिंगच्या जंगलातल्या लांडोर बंगल्यावर राहिले. त्या आठवणीसाठी दरवर्षी त्या तारखेला हजारो माणसं पावसापाण्यात डोंगर चढतात. पोरंबाळं बरोबर, म्हातारी माणसं बरोबर, पुस्तकांचे ठेले, गाणी. आजोबा नातवाला सांगत असतात आणि नातू मोबाइलवर शूट करत असतो. धुळे जिल्ह्यात यापेक्षा मोठा इतिहासाचा लोककार्यक्रम मला माहीत नाही. आणि 'संग्रहालयांचे उपक्रम' असं म्हटल्यावर तो कुणाच्या यादीत येत नाही, कारण तिथे कुणी कुणाला निमंत्रणपत्रिका धाडलेली नसते.

जग याबाबतीत कुठं पोहोचलंय त्याचं एकच उदाहरण देते. केपटाउनमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची वस्ती होती. वर्णभेदी सरकारनं माणसं हाकलून ती पाडली. १९९४ मध्ये तिथे जे संग्रहालय सुरू झालं त्याच्या जमिनीवर वस्तीचा भला मोठा नकाशा अंथरलाय, आणि जुन्या रहिवाशांनी येऊन आपलं घर कुठं होतं ते त्यावर हातानं लिहिलं. माल संग्रहालयाचा नव्हताच. लोक घेऊन आले. आपल्याकडे तापीवर धरणं झाली, गावं उठली, नवी वसली. उकई धरणाच्या पाण्यात नवापूरकडची जमीन गेली. त्या माणसांसाठी असा नकाशा कुणी अंथरलाय?

घाई आहे म्हणून एवढं बोलतेय. फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, नंदलाल बोसांनी बांबूंनी सजवलं. ते दहाव्या वर्षी पाहिलेलं मूल आज असतं तर शंभरीच्या घरात असतं. १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याजवळ प्रतिसरकारच्या लोकांनी सरकारी खजिना लुटला, त्या बाजूच्या गावांत तेव्हा काय बोललं गेलं ते सांगणारी पिढीही संपली. आता शिल्लक आहे ती आखाजीची गाणी म्हणणारी पिढी. सत्तर-ऐंशीच्या आज्या. त्यांच्या सुना मुलांशी 'शुद्ध' बोलतात, इंग्लिश मीडियमची फी भरून. त्यात मला नवल वाटत नाही, त्या घट्टीसमोर काय झालं ते मी पाहिलंय.

म्हणून माझी मागणी साधी आहे. १८ मे सोडून द्या. आमची तारीख अक्षय्य तृतीया, आखाजी. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, गौराई बसलेली असते. दुसरी तारीख श्रावणातल्या कानबाईची, जेव्हा सुरत, पुणे, नाशिकला गेलेलं सगळं भाऊबंद रोटांसाठी गावी येतं. त्या दोन वेळांना संग्रहालयानं दार बंद करून गावात जावं. कॉलेजची मुलं घ्यावीत, त्यांच्या खिशात रेकॉर्डर आहेच, त्याच्यावर बंदीची पाटी लावण्यापेक्षा तो वापरायला शिकवावं. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, आजीपासून हातभर अंतर, मधे बोलायचं नाही. ध्वनिफितीला नाव देताना गाव, तारीख, म्हणणारीचं नाव, तिचं माहेर, गाणं कुणाकडून शिकली. शब्द जसे ऐकू आले तसे लिहायचे, 'शे'चं 'आहे' करायचं नाही. एक प्रत संग्रहालयात, एक त्या घरी पेन ड्राइव्हवर. आणि हे ऑनलाइन टाकायचं की नाही ते आधी तिलाच विचारायचं, तिच्या मुलाला नाही.

२०२७ च्या आखाजीला सुरू करता येईल. पुतळ्याच्या बैठका तोवर चालू राहिल्या तरी हरकत नाही.