हे बोलणं परभणीपर्यंत पोचायला हवं



परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रम समितीकडे यंदा एक वेगळी विचारणा आली. आपल्याच मराठी शाळेत शिकून आता कॉलेजात गेलेल्या एका मुलीला दिवाळीच्या कार्यक्रमात दहा मिनिटं हवी आहेत. गाण्यासाठी किंवा नाचासाठी नव्हे, स्वतःच्या एडीएचडीविषयी बोलण्यासाठी. मंडळातल्या लहान मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना उपयोग व्हावा, एवढीच तिची इच्छा. समितीत दोन शंका निघाल्या. सणासुदीला हा विषय कशाला, ही पहिली. उद्या तिच्या लग्नाच्या वेळी कुणी हेच उकरून काढलं तर, ही दुसरी आणि खरी.

माझं मत स्पष्ट आहे. तिला वेळ द्यावा, आणि तिने मराठीत बोलावं. मी मूळची परभणीची. या बोलण्याची आपल्याला जेवढी गरज आहे, त्याच्या कितीतरी पट गरज माझ्या जिल्ह्याला आहे.

एडीएचडी ही मेंदूच्या वाढीशी निगडित स्थिती. कुणाचं लक्ष टिकत नाही, कुणाला एका जागी बसवत नाही, कुणाचं दोन्ही. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीच दिसू लागतात, आणि ती फक्त शाळेत किंवा फक्त घरी नव्हे, तर किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. जगभरच्या अभ्यासांचा अंदाज साधारण वीस मुलांमागे एक असा आहे. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात तिघं. जुळ्या भावंडांवरच्या संशोधनातून यात आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्क्यांच्या घरात असल्याचं दिसतं. आईने लाड केले म्हणून किंवा बापाने धाक ठेवला नाही म्हणून हे होत नाही. मुलींच्या बाबतीत तर ते लक्षातही उशिरा येतं. धुडगूस न घालता खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुलीची तक्रार कोणता शिक्षक करणार?

इथे किमान शाळेला विचारता येतं, परीक्षेत जास्त वेळ मागता येतो. जिंतूर, पाथरी किंवा गंगाखेडच्या मुलाचं काय? त्याच्या वाट्याला आधी फटके येतात, मग अंगारा, मग शिकवणी. दहावीनंतर घरचे पोटाला चिमटा काढून त्याला डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी लातूरला किंवा नांदेडला ठेवतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत बाकावर बसवणारा तो अभ्यासक्रम कुणाकुणाला डॉक्टर करतो हे खरं. पण ज्याला तासभर बसणंच अवघड, त्याला तिथे एकच धडा मिळतो: आपल्यातच खोट आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, पण एडीएचडीला स्वतंत्र जागा नाही. मिथाइलफेनिडेट हे यावरचं नेहमीचं औषध अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येत असल्याने ते गावोगावच्या मेडिकलमध्ये मिळेल अशी आशा नको. परभणीत 2023 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ही जमेची बाजू. पण दवाखान्याची पायरी चढायची, तर आधी घरात कुणाला तरी वाटायला हवं की हा पोरगा मुद्दाम असा वागत नाही.

ते डॉक्टरांच्या सांगण्याने पटतंच असं नाही. डॉक्टर लक्षणं सांगतात. बोलणारी तरुण मुलगी त्याच्या पुढची गोष्ट सांगते. वही हरवणारी, वाक्य मध्येच तोडणारी मुलगी मोठी होऊन समोर उभी आहे, हे बघितल्यावर आईला जो धीर येतो तो पत्रकातून येत नाही. ठाण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1991 साली सुरू केलेला ‘वेध’ हा विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम याच विश्वासावर चालत आला आहे. तिथे भाषण नसतं, मुलाखत असते. माणूस आपली वाट स्वतःच्या तोंडाने सांगतो. हा ‘वेध’ परभणीतही भरला आहे. त्याआधी 1995 साली याच शहरात साहित्य संमेलन झालं, तेव्हा अध्यक्ष कवी नारायण सुर्वे होते, अनाथ म्हणून मुंबईच्या गिरणगावात वाढलेले आणि ते कधीही न लपवणारे. तेव्हा स्वतःच्या जगण्याबद्दल बोलणारा माणूस परभणीकरांना नवा नाही. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणत स्वतःवर हसणारं गाव ते!

परदेशातल्या मराठी माणसांपुढे याबाबत एक मोठं उदाहरणही आहे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. घरातला आजार चार भिंतींत ठेवायचा, ही आपली रीत. वाणींनी ती मोडली. 1997 साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली, आणि पुढे त्यांच्याच ध्यासातून 2004 साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा याच आजारावरचा ‘देवराई’ हा चित्रपट आला. एका कुटुंबाने गप्प राहायचं नाकारलं, म्हणून भारतात अनेक कुटुंबांना मदतीचं दार मिळालं.

आता लग्नाची शंका. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. म्हणूनच कुणी, कधी, किती बोलायचं हे बोलणाऱ्याच्याच हातात हवं. 2016च्या रिओ ऑलिंपिकनंतर जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सच्या आरोग्याच्या नोंदी हॅकर्सनी चोरून उघड केल्या. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीने मान खाली न घालता सांगितलं की आपल्याला लहानपणापासून एडीएचडी आहे, त्यासाठी औषध घेते, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. तिने धैर्य दाखवलं, पण तिला निवड करता आली नव्हती. आपल्या मुलीला ती निवड आहे. अभिनेता फहाद फासिलला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी निदान कळलं, आणि 2024 साली केरळातल्या एका कार्यक्रमात त्याने ते स्वतः सांगितलं. त्या वयात कळण्यापेक्षा दहाव्या वर्षी कळलेलं केव्हाही बरं, आणि त्यासाठीच तर बोलायचं.

म्हणून समितीपुढे मी काही अटी ठेवल्या आहेत. तिच्या परवानगीशिवाय कुणीही मोबाइलवर चित्रण करणार नाही. औषधं आणि मार्क यांबद्दल प्रश्न विचारले जाणार नाहीत. आपल्या सभासदांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ मंचावर सोबत असतील, कारण चुळबुळ करणाऱ्या प्रत्येक मुलाला एडीएचडी नसतो आणि निदान हे तिचं काम नाही. अजाण मुलांना त्यांच्या आईवडिलांनी हौसेने मंचावर ढकलू नये. आणि घरी गेल्यावर ‘बघ, ती कशी शिकली’ असं आपल्या मुलाला ऐकवू नये. तुलनेचा जाच त्याला आधीच पुरेसा आहे.

दुसरा टप्पा परभणीचा. तिची तयारी असेल तर हाच संवाद जिल्ह्यातल्या शिक्षकांशी व्हिडिओ कॉलवर करायचा विचार आहे. शिक्षक आधी, पालक मग. मारणारा हात थांबला तर निम्मं काम झालं. ज्यांच्या ओळखीत परभणी, सेलू, मानवत, पूर्णा, सोनपेठ, पालम इथले मुख्याध्यापक किंवा शिक्षक आहेत, त्यांनी या महिनाअखेरपर्यंत संपादक मंडळाला कळवावं. गावाकडच्या नातेवाइकांना टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही जरूर द्यावा. तिथे मराठीत आणि विनामूल्य बोलता येतं.

दिवाळीच्या शुभेच्छा. कार्यक्रमाला वेळेवर या, आणि ती बोलत असताना कृपया फराळाच्या रांगेत उभे राहू नका.

आपली,
संपादक